घरात पंखवाली वाळवी निघाली: तिचा अर्थ काय आणि पुढे काय करावे

प्रश्न थोडक्यात असा आहे. मुलुंड पश्चिमेला सुमारे वीस वर्षांच्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर राहणाऱ्या एका कुटुंबाच्या घरी, जूनमधील पहिल्या जोरदार सरीनंतरच्या संध्याकाळी, दिव्याभोवती शेकडो पंखवाले किडे जमले. सकाळी बाल्कनीत पंखांचा सडा पडलेला होता आणि न्हाणीघराच्या दाराच्या चौकटीखालीही पंखांचा एक लहानसा ढीग सापडला. पेस्ट कंट्रोलच्या एका माणसाने संपूर्ण फ्लॅटच्या कडेने ड्रिलिंग करावे लागेल असे सांगून कोटेशन दिले आहे. हे किडे नेमके कोणते, घराला धोका किती आणि ड्रिलिंग आताच करून घ्यावे का, असे त्यांनी विचारले आहे.

बाल्कनीतल्या पंखांची काळजी करू नका. चौकटीखालच्या पंखांची करा. दोन्ही ठिकाणचे पंख दिसायला सारखे असले, तरी त्यांचा अर्थ पूर्णपणे वेगळा आहे. मुंबईत वाळवीवर काम करताना मला सर्वाधिक गोंधळ याच बाबतीत आढळतो. बाहेरून दिव्याकडे आलेला थवा पाहून लोक घाबरून घरभर फवारणी करून घेतात, आणि घरातल्याच एखाद्या फटीतून निघालेले दहा-वीस किडे मात्र झाडून टाकून विसरून जातात.

प्रथम ओळख पटवून घ्यावी, कारण पहिल्या पावसात पंख फुटलेल्या मुंग्याही उडतात आणि त्या लाकूड खात नाहीत. वाळवीच्या पंखांच्या दोन्ही जोड्या लांबीला सारख्या असतात. मुंगीचे पुढचे पंख मागच्यांपेक्षा स्पष्टपणे मोठे असतात. मुंगीची कंबर बारीक आणि मिशा कोपरासारख्या वाकलेल्या असतात, तर वाळवीचे अंग छातीपासून पोटापर्यंत जवळजवळ एकाच रुंदीचे आणि मिशा मण्यांच्या माळेसारख्या सरळ असतात. किडे हाती लागले नाहीत तरी पंखांवरून निदान होते. वाळवीचे पंख मुळाशी एका ठरावीक रेषेवर तुटतात आणि ती ते स्वतःच गाळते, म्हणून एकाच मापाचे, अखंड, पातळ पंख ढिगाने सापडले तर ती वाळवीच समजावी. त्यांतले थोडे पंख आणि दोन-चार मेलेले किडे एखाद्या लहान डबीत ठेवून द्यावेत. तपासणीला येणाऱ्या जाणकार माणसाला त्यावरून जात ओळखायला मदत होते, आणि जात कळली की उपाय बदलतो.

हे पंखवाले किडे लाकूड खात नाहीत. वाळवीच्या वसाहतीत कामकरी, सैनिक आणि प्रजननक्षम असे वर्ग असतात. लाकूड कुरतडणे, बोगदे बांधणे आणि बाकी सर्वांना भरवणे हे सारे पांढुरक्या, पंख नसलेल्या कामकऱ्यांचे काम. पंखवाले नर आणि माद्या नवी वसाहत वसवण्यासाठी तयार झालेले असतात आणि त्यासाठी योग्य हवेची वाट पाहत वसाहतीतच थांबतात. पावसाने माती मऊ झाली आणि हवेत दमटपणा आला की कामकरी बाहेर पडण्याच्या फटी उघडतात, सैनिक त्यांच्याभोवती पहारा देतात आणि पंखवाले बाहेर पडतात. एकाच परिसरातील अनेक वसाहती जवळजवळ एकाच संध्याकाळी हे करतात. त्यामुळे वेगवेगळ्या वसाहतींतील नर-माद्यांची गाठ पडते, आणि पाली, बेडूक, वटवाघळे, कोतवाल, पाकोळ्या यांनी कितीही खाल्ले तरी काही जोड्या उरतात. हवामान विभागाच्या हिशेबाने मुंबईत मोसमी पाऊस साधारण ११ जूनला येतो. २०२५ साली तो २६ मे रोजीच आला. वाळवीचा हंगाम कॅलेंडरवर ठरत नाही, तो पहिल्या चांगल्या भिजवणाऱ्या पावसावर ठरतो, आणि काही जाती त्यानंतरच्या सरींनाही उडतात.

उडणे फार थोडा वेळ चालते. जमिनीवर उतरले की पंख गळतात, मादीच्या मागोमाग नर चालू लागतो आणि ही जोडी ओलसर मातीत किंवा ओल्या लाकडात शिरून स्वतःला बंद करून घेते. सुरुवातीची अंडी मोजकीच असतात आणि पहिल्या पिल्लांना राजा-राणी स्वतःच्या अंगातील चरबी व निरुपयोगी झालेले उडण्याचे स्नायू यांच्या बळावर वाढवतात. कोरड्या लादीवर पडलेल्या जोडीला हे शक्य होत नाही. तिचे अंग वाळते आणि ती मरते. तुमच्या हॉलमध्ये दिव्याखाली पडलेल्या शेकडो किड्यांपैकी एकानेही तुमच्या सोफ्यात घर केलेले नसण्याचीच शक्यता फार मोठी आहे. त्यांना झाडूने गोळा करून साबणाच्या पाण्यात टाकावे. एवढे पुरे आहे.

थवा येत असताना खिडक्या बंद कराव्यात, घरातील दिवे तासाभरासाठी मालवावेत आणि शक्य असेल तर बाहेर पॅसेजमधला एखादा दिवा चालू ठेवून त्याखाली पाण्याचे पसरट भांडे ठेवावे. किडे दिव्याकडे जातात आणि पाण्यात पडतात. किटकनाशकाचा डबा हातात घेऊन बंद खोलीत फवारत बसू नये. जे किडे तसेही लवकरच आपोआप मरणार आहेत त्यांच्यासाठी मुलांनी आणि घरातल्या ज्येष्ठांनी तो वास आणि ते कण छातीत घेण्याचे काही कारण नाही.

आता चौकटीखालचा ढीग. वसाहतीतून पंखवाले निघण्यासाठी ती वसाहत वयात आलेली असावी लागते, आणि जमिनीतील वाळवीच्या बाबतीत त्याला साधारणपणे तीन ते पाच वर्षे, अनेकदा त्याहून अधिक काळ लागतो. म्हणून घराच्या आतून, म्हणजे चौकटीच्या सांध्यातून, स्कर्टिंगच्या फटीतून, भिंतीतल्या कपाटाच्या मागून किंवा लादीच्या जोडातून पंखवाले निघाले, तर त्याचा अर्थ असा की काही वर्षे वाढलेली, कामकऱ्यांनी भरलेली वसाहत तुमच्या इमारतीशी जोडलेली आहे आणि तिचा एक रस्ता त्या फटीपर्यंत येतो. तुमचीच चौकट पोखरली गेली आहे असे मात्र यावरून लगेच म्हणता येत नाही. वसाहत खालच्या मजल्यावर, शेजारच्या फ्लॅटच्या भिंतीत किंवा इमारतीच्या जोत्याखाली असू शकते आणि तुमच्याकडे फक्त बाहेर पडण्याची वाट उघडली असू शकते. तरीही तपासणी पुढे ढकलण्यासारखी ही खूण नाही.

किडे बाहेरून आले की आतून निघाले, हे ठरवण्याचा खात्रीचा मार्ग म्हणजे ते निघताना पाहणे. ते शक्य झाले नसेल तर पंख कुठे साचले आहेत ते पाहावे. दिव्याखाली, खिडकीच्या चौथऱ्यावर किंवा बाल्कनीत साचलेले पंख बहुधा बाहेरून आलेल्यांचे असतात. खिडकी आणि दिवा या दोहोंपासून दूर, एखाद्या लाकडी वस्तूच्या तळाशी किंवा भिंतीच्या फटीलगत साचलेले पंख आतून निघालेल्यांचे असण्याची शक्यता जास्त. ती फट नीट पाहिली तर कडेला ओलसर मातीचा पातळ लेप दिसतो, कारण बाहेर पडून झाल्यावर कामकरी वाट पुन्हा लिंपून टाकतात. न्हाणीघराच्या चौकटीचे तुम्ही केलेले वर्णन या दुसऱ्या प्रकारात बसते.

दुसऱ्या मजल्यावर वाळवी कशी चढली, हा प्रश्न मला प्रत्येक सोसायटीत विचारला जातो. मुंबईच्या इमारतींची बांधणी पाहिली तर उत्तर मिळते. आपल्याकडच्या बऱ्याच इमारतींत न्हाणीघराचा स्लॅब बाकी घरापेक्षा खाली घेतलेला असतो आणि तो खड्डा विटांचे तुकडे व कोबा टाकून भरलेला असतो. नळाच्या सांध्यातून किंवा फरशीच्या जोडांतून झिरपलेले पाणी त्या भरावात साचते आणि वर लादी असल्यामुळे वर्षानुवर्षे सुकत नाही. दाराची लाकडी चौकट त्याच भरावाला टेकून फरशीत रुतलेली असते. शेजारी पाण्याच्या आणि सांडपाण्याच्या पाइपांची डक्ट जमिनीपासून गच्चीपर्यंत गेलेली असते, आणि तिच्यात उजेड नसतो, वारा नसतो, माणसाचा वावरही नसतो. कामकरी वाळवी पाइपांच्या आणि भिंतीच्या आधाराने मातीच्या नळ्या बांधत वर येते, स्लॅबमधून पाइप जातो तिथल्या पोकळीतून आत शिरते आणि तिला एकाच जागी पाणी व लाकूड दोन्ही मिळते. याखेरीज बांधकामाच्या वेळी माळ्यावर किंवा डक्टमध्ये काढायच्या राहिलेल्या सेंटरिंगच्या (स्लॅब ओतताना आधाराला लावलेल्या) फळ्या, भिंतीत ठोकलेले लाकडी गट्टू आणि इमारतीच्या दोन भागांमधला विस्तार-सांधा, हे रस्ते मी वरचेवर पाहिले आहेत. फॉल्स सीलिंगच्या वर काय चालले आहे ते तर कोणी पाहतच नाही.

जातीचा मुद्दा इथे येतो. मुलुंड, बोरिवली, गोरेगाव या भागांत संजय गांधी राष्ट्रीय उद्यान आणि आरेच्या कडेने जे मोठे, गडद पंखांचे थवे येतात, ते बहुतेकदा ओडोंटोटर्मिस गटातील, जमिनीत वारूळ करणाऱ्या वाळवीचे असतात. ही वाळवी वारुळात बुरशीची शेती करते. कोकणात पावसाळ्यात वारुळांवर उगवणारी आणि लोक आवडीने खातात ती अळंबी त्याच बुरशीची असते. जंगलातल्या सडलेल्या पालापाचोळ्याची माती करण्यात या वाळवीचा मोठा वाटा आहे आणि तिच्या वारुळांना जंगलात हात लावण्याचे कारण नाही. इमारतींचे नुकसान तीही करते, पण साधारणपणे तिचे मूळ मातीशी बांधलेले राहते. कॉप्टोटर्मिस गटातील वाळवी इमारतींसाठी अधिक त्रासदायक असते. चघळलेले लाकूड आणि स्वतःची विष्ठा यांपासून ती भिंतीच्या पोकळीत पुठ्ठ्यासारखे घरटे बांधते, आणि सतत पाणी मिळत राहिले तर जमिनीशी संबंध तुटला तरी तिथे जगू शकते. तिच्या सैनिकाला डिवचले की कपाळावरील छिद्रातून दुधासारखा पांढरा थेंब बाहेर येतो, आणि जागेवर तिची ओळख पटवायला मी हीच खूण पाहतो. वरच्या मजल्यावर ही खूण मिळाली, तर गळती शोधल्याशिवाय औषधाचा उपयोग टिकत नाही, हे घरमालकाने लक्षात घ्यावे.

तिसरा प्रकार कोरड्या लाकडातील वाळवीचा. ती मातीच्या नळ्या करत नाही, माती तिला लागतच नाही; संपूर्ण वसाहत एका कपाटाच्या फळीत किंवा जुन्या पलंगाच्या पायात मावते. तिची खूण म्हणजे लाकडाखाली साचणारे खसखशीएवढे टणक कण, जे भिंगाखाली पाहिले तर सहा कडांचे दिसतात. त्याऐवजी टाल्कम पावडरसारखा मऊ भुसा आणि लाकडावर टाचणीएवढी गोल छिद्रे दिसली, तर ते काम वाळवीचे नसून लाकूड पोखरणाऱ्या भुंगेऱ्याचे असते. या दोन्हींसाठी जमिनीत औषध सोडणे पूर्णपणे निरर्थक आहे. त्या लाकडावरच उपचार करावा लागतो किंवा ते काढून टाकावे लागते.

तपासणी स्वतः करता येते आणि करावी. टॉर्च भिंतीला समांतर तिरपी धरून चौकटी, स्कर्टिंग, स्वयंपाकघरातील सिंकखालचे कपाट, ट्रॉलीच्या मागची बाजू, भिंतीला चिकटून उभी असलेली वॉर्डरोब आणि तिची मागची प्लाय पाहावी. पेन्सिलीएवढ्या रुंदीची मातीची नळी, फुगलेला किंवा लाटा पडलेला रंग, सनमायकाच्या कडेतून डोकावणारी माती या खुणा शोधाव्यात. लाकडावर स्क्रू-ड्रायव्हरच्या मुठीने ठोकत जावे. पोखरलेल्या ठिकाणी आवाज बदलतो आणि टोक दाबले तर ते आत जाते. माळ्यावरची जुन्या पुस्तकांची आणि कागदपत्रांची खोकी खाली उतरवून पाहावीत, कारण तिथे वाळवी असली तर ती तुम्हाला सर्वांत शेवटी कळते. नळी सापडली तर तिचा बोटभर भाग तोडून बाकीची तशीच ठेवावी. काही दिवसांत तो भाग पुन्हा बांधला गेला तर वाळवी सक्रिय आहे. सगळ्या नळ्या पुसून टाकून त्यावर हिट किंवा रॉकेल मारण्याची घाई करू नये. त्याने समोर असलेले कामकरी मरतात, वसाहत दुसरी वाट काढते आणि उपचार करणाऱ्याला प्रवेशाची जागा सापडत नाही. रॉकेलने आगीचा धोका होतो तो वेगळाच.

गिरगाव, दादर, लालबाग इथल्या जुन्या चाळींत आणि उपकरप्राप्त (म्हणजे दुरुस्तीसाठी उपकर भरणाऱ्या जुन्या) इमारतींत राहणाऱ्यांसाठी इथे थोडे अधिक लिहिणे मला आवश्यक वाटते. त्या घरांत लाकूड फक्त सजावटीला नसते. सागवानाच्या तुळया आणि वासे मजल्याचा भार पेलतात. चांगल्या सागाचा गाभा वाळवीला बराच काळ दाद देत नाही, पण बाहेरचे कच्चे लाकूड देते, आणि पाण्याने कुजलेला सागही देतो. सर्वांत धोक्याची जागा म्हणजे मोरी किंवा सामायिक संडासाच्या बाजूच्या भिंतीत रुतलेले तुळईचे टोक, जे डोळ्यांना दिसत नाही. अशा इमारतीत भिंतीतून पंखवाले निघाले, मजला एका बाजूला खचल्यासारखा वाटला किंवा छताच्या वाशातून माती गळू लागली, तर पेस्ट कंट्रोलच्या आधी स्ट्रक्चरल इंजिनिअरला बोलवावे. औषधाने वाळवी मरेल, पण पोखरलेली तुळई पुन्हा भार घेणार नाही. तीस वर्षांवरील इमारतींना महापालिका कायद्यानुसार संरचनात्मक तपासणी बंधनकारक आहे, आणि उपकरप्राप्त इमारतींच्या संरचनात्मक दुरुस्तीचे काम म्हाडाच्या इमारत दुरुस्ती व पुनर्रचना मंडळाकडे असते. भाडेकरूंनी लेखी अर्ज करून पोच घ्यावी. पावसाळ्यात अशा इमारतींचे भाग कोसळतात हे आपण दरवर्षी वाचतो, म्हणून या बाबतीत मला संकोच न ठेवता आग्रह धरावासा वाटतो.

आता तुमच्या कोटेशनविषयी. भारतीय मानक ब्युरोच्या आयएस ६३१३ या संहितेत वाळवीप्रतिबंधक उपायांचे तीन भाग आहेत: बांधकामाची रचना, बांधकामापूर्वीचा औषधोपचार आणि उभ्या इमारतीतील औषधोपचार. लादी आणि भिंतीच्या सांध्यात सुमारे ३०० मिलिमीटर अंतराने १२ मिलिमीटरची छिद्रे पाडून औषध सोडण्याची जी पद्धत सर्वत्र चालते, ती या तिसऱ्या भागातून आलेली आहे. तिचा उद्देश लादीखालच्या मातीत औषधाचा सलग पट्टा तयार करणे हा आहे. तळमजल्यावर लादीखाली माती असते, म्हणून तिथे ती योग्य आणि आवश्यक आहे. दुसऱ्या मजल्यावर लादीखाली माती नसून स्लॅब आहे. तिथे घरभर छिद्रे पाडून औषध ओतले तर ते खालच्या घराच्या छतात उतरते, आणि न्हाणीघरात छिद्रे पाडली तर वॉटरप्रूफिंग फुटून वाळवीला हवी असलेली ओल आणखी वाढते. म्हणून संपूर्ण फ्लॅटच्या ड्रिलिंगचे कोटेशन तुम्ही स्वीकारू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

तुमच्या घरात करावयाचे काम अधिक नेमके आहे. न्हाणीघराच्या चौकटीत खालच्या दिशेने तिरपी बारीक छिद्रे पाडून लाकडात आणि चौकट व भिंत यांच्या सांध्यात औषध सोडावे. डक्ट उघडून पाहावी, तिच्यातील नळ्या व राहिलेल्या फळ्या शोधून तिथेही उपचार करावा. त्याच वेळी प्लंबरकडून न्हाणीघराची गळती तपासून घ्यावी आणि दुरुस्ती करावी. चौकट खालून पोकळ झाली असेल तर तिला पुट्टी भरून रंगवण्याऐवजी काढून टाकावी आणि ग्रॅनाइटची किंवा संगमरवराची चौकट बसवावी. आता नव्या घरांत न्हाणीघराला लाकडी चौकट क्वचितच लावतात, आणि ते योग्यच आहे. नवे फर्निचर करताना ‘वॉटरप्रूफ’ प्लाय म्हणजे वाळवीरोधक प्लाय असे गृहीत धरू नये, दोन्ही गोष्टींची स्वतंत्र हमी विचारावी, आणि वॉर्डरोब भिंतीपासून थोडी सुटी ठेवावी म्हणजे मागे पाहता येईल.

मूळ वसाहत मात्र बहुधा इमारतीच्या जोत्यालगत आहे, आणि तिथला उपचार एका सदस्याने करण्यासारखा नाही. जोते, डक्ट, मीटर खोली, तळमजल्यावरचे पॅसेज हे सोसायटीचे सामायिक भाग आहेत. सचिवांना पंखांचे आणि चौकटीचे फोटो जोडून लेखी कळवावे, आणि वरच्या-खालच्या घरांत कोणाला असेच पंख सापडले का, हे विचारायला सांगावे. एकाच डक्टवरील तीन घरांनी तीन वेगवेगळ्या कंपन्यांकडून आपापल्या चौकटीत औषध भरून घेतले की वाळवी चौथ्या घरात निघते. इमारत नवी असेल, तर बांधकामापूर्वीच्या वाळवीप्रतिबंधक उपचाराचे हमीपत्र विकासकाने सोसायटीला दिले होते का, ते कागदपत्रांत शोधावे.

कंपनी निवडताना किमतीआधी तीन गोष्टी विचाराव्यात. कीटकनाशक कायदा, १९६८ आणि त्याखालील नियमांनुसार व्यावसायिक पेस्ट कंट्रोलसाठी परवाना लागतो. तो पाहायला मागावा. औषधाचे नाव, प्रमाण आणि नोंदणी क्रमांक कोटेशनवर लिहून घ्यावा; ‘हर्बल’, ‘इम्पोर्टेड’, ‘जेल’ हे शब्द म्हणजे औषधाचे नाव नव्हे. सीलबंद डबा तुमच्यासमोर उघडून पाण्यात मिसळायला सांगावे. सध्या वाळवीसाठी अधिक वापरले जाणारे इमिडाक्लोप्रिड ३०.५ टक्के एससी (पाण्यात मिसळायचे दाट द्रवरूप औषध) दर लिटर पाण्याला २.१ मिलिलिटर, म्हणजे दहा लिटरला २१ मिलिलिटर, असे मिसळतात. त्याचा हिशेब कोणालाही करता येतो. तळमजल्यावरील तीन मीटर बाय चार मीटरच्या खोलीचा घेर १४ मीटर होतो, म्हणजे ३० सेंटिमीटर अंतराने पंचेचाळीसच्या आसपास छिद्रे व्हायला हवीत. कोणी पंधरा छिद्रे पाडून काम झाले असे सांगितले, तर औषधाचा पट्टा सलग झालेला नाही.

औषधांमध्ये एक महत्त्वाचा फरक आहे. बायफेन्थ्रिनसारखी औषधे वाळवीला जाणवतात आणि ती त्यांपासून दूर वळते, म्हणून पट्ट्यात जिथे खंड राहील तिथून ती आत येते. इमिडाक्लोप्रिड किंवा फिप्रोनिल तिला जाणवत नाही; ती त्यातून चालत जाते आणि एकमेकींना चाटण्या-भरवण्यातून ते वसाहतीत पसरते. या दुसऱ्या प्रकाराचा परिणाम दिसायला काही आठवडे लागू शकतात, म्हणून चौथ्या दिवशी नळीत जिवंत वाळवी दिसली तर काम फसले असे समजू नये आणि वरून दुसऱ्या कंपनीकडून तीव्र वासाचे औषध मारून घेऊ नये, कारण त्याने आधीच्या उपचारावर पाणी पडते.

सुरक्षिततेत मुंबईपुरती एक गोष्ट विशेष सांगायला हवी. आपल्या बहुतेक इमारतींची पिण्याच्या पाण्याची टाकी जमिनीखाली, अनेकदा जोत्याच्या अगदी लगत असते. जोत्याचा उपचार करताना टाकीची आणि तिच्या भिंतींची जागा सोसायटीने कंपनीला आधी दाखवावी आणि त्या बाजूला औषध सोडू देऊ नये. घरात ड्रिलिंगपूर्वी लपवलेल्या वायरी आणि पाइप यांच्या जागा सांगाव्यात. काम चालू असताना लहान मुले, गरोदर स्त्रिया आणि दम्याचे रुग्ण यांना दुसरीकडे पाठवावे, माशांची टाकी झाकून तिचा हवेचा पंप बंद ठेवावा, आणि छिद्रे सिमेंटने बंद होऊन लादी पुसली जाईपर्यंत अनवाणी फिरू नये.

वेळेबाबत दोन भाग करावेत. चौकट, डक्ट आणि गळती यांचे काम आताच, पुढच्या काही आठवड्यांत, करून घ्यावे. त्यासाठी पाऊस थांबण्याची गरज नाही. इमारतीच्या बाहेरून मातीतला उपचार मात्र भर पावसात करू नये. पाण्याने भरलेली माती औषध शोषत नाही, ते वाहून गटारात जाते आणि सोसायटीचे पैसेही त्याच्यासोबत जातात. ते काम ऑक्टोबरात पाऊस परतल्यावर आणि माती मोकळी झाल्यावर करावे. दरम्यान तोडलेला नळीचा भाग दर पंधरा दिवसांनी पाहावा, तारखेसह फोटो काढून ठेवावेत, आणि पुढच्या वर्षी पहिल्या सरींच्या संध्याकाळी न्हाणीघराच्या दाराशी नव्या चौकटीच्या कडेला पांढरा कागद अंथरून ठेवावा. त्यावर सकाळी पंख पडलेले असतील तर डक्ट पुन्हा उघडावी लागेल.